टोफूचा बेंदूर

प्रिय संयू,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी राग घे. हे पत्र आहे, फोन नाही, हे ध्यानात ठेव. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी "अगं ऐक तरी" म्हणेपर्यंत तुझं सुरू होतं, "आई, कॅमेरा फिरव, टोफूला दाखव." मग मी बोलत बसते तुझ्या कुत्र्याच्या शेपटीकडं बघत, आणि तू तिकडं "अले माझं शोनं" करत असतेस. पत्राचा कॅमेरा काही फिरवता येत नाही. म्हणून कागद काढलाय. आता गप बसून शेवटपर्यंत वाच.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी तू तात्यांना फोनवर जे बोललीस ते मी चुलीपाशी बसून सगळं ऐकलं. "तुम्हांला बैल आणि कुत्रा यातला फरक कळत नाही का? तुमच्याकडं ठेवला हीच माझी चूक झाली. रविवारी येते आणि घेऊन जाते त्याला." बापाला असं बोलतात होय गं? शाळेत असताना तुला पायात काटा मोडला तर ज्यांनी खांद्यावर बसवून कोरेगावला दवाखान्यात नेलं, त्यांना? निमिषराव मागनं "अगं हळू, हळू" म्हणत होते, ते पण मला ऐकू आलं. जावयाला कळतं आणि पोटच्या पोरीला कळू नये, कमाल आहे.

ने. खुशाल ने. मी काय त्याच्यावाचून अडून बसलेली नाही. आयुष्यभर अंगणवाडीत लोकांच्या पोरांची नाकं पुसली, आता म्हटलं जरा निवांत बसावं, तर माघात तू हे केसाळ प्रकरण माझ्या ओट्यावर आणून ठेवलंस. निमिषरावांना कंपनीनं बंगळूरला पाठवलं, तू पण निघालीस, आणि "आई, उन्हाळ्यापर्यंतच गं" म्हणालीस. उन्हाळ्यात परत सांगलीला आलात, तर म्हणे फ्लॅटला रंग चाललाय, रंगाच्या वासानं टोफूला त्रास होईल. रंग वाळून खपल्या निघायची वेळ आली, तरी टोफू इथंच. आणि नाव तरी काय ठेवलंय! मी विचारलं टोफू म्हणजे काय, तर म्हणे सोयाबीनचं पनीर. आपल्या रानात सोयाबीन पिकतं, म्हणून काय आम्ही कुणाला सोयाबीन अशी हाक मारली? गावानं त्याचा पहिल्याच दिवशी टोप्या करून टाकला, आणि तो तर टोप्या म्हटल्यावर जास्त लवकर येतो.

आणि त्याची ती पिशवी! माझ्या लग्नात माझ्याबरोबर एवढं सामान आलं नव्हतं. दाट दातांचा कंगवा, विरळ दातांचा कंगवा, तारांचा ब्रश, कानाचं औषध, नखं कापायची कात्री, डोळे पुसायचे वेगळे ओले कागद, आणि रेनकोट. कुत्र्याला रेनकोट! तात्या अजून प्लास्टिकच्या पोत्याची खोळ करून रानात जातात, आणि हे बाहेर निघालं की पिवळा रेनकोट घालून. चंद्राबाई कुंपणापाशी उभी राहून हसून हसून खाली बसली. मला इतका राग आला! तिला म्हटलं, हस तू, तुझ्या म्हशीला तरी कोण विचारतंय.

खाण्याचं तर विचारूच नकोस. तू दिलेल्या त्या गोळ्या वाटीत घातल्या की तो वास घ्यायचा आणि माझ्याकडं असा बघायचा की जणू मीच त्याला उपाशी मारतेय. तात्यांना ते बघवेना. म्हणाले, "आगं, गोळ्या आजाऱ्याला देत्यात. धडधाकट जीव हाय ह्यो." आणि ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून पुढं ठेवली. त्या दिवसापासून त्यानं गोळ्यांकडं ढुंकून पाहिलं नाही. टाकायच्या कशा म्हणून त्या मी कोंबड्यांना घालते. तुला ऐकायचं असेल तर ऐक, कोंबड्या तुकतुकीत झाल्यात. तू रोज विचारायचीस, "गोळ्या खाल्ल्या का?" आणि मी म्हणायचे, "संपल्या बघ वाटीतल्या." यात खोटं काय आहे?

वैशाखात त्याच्या केसांच्या अशा गाठी झाल्या की कंगवा आत जायचा आणि बाहेर यायचं नाव घ्यायचा नाही. कुसळं, गोखरू, वाळका पाला, सगळं रान अंगावर घेऊन फिरायचा. तू म्हणालीस सांगलीत कुत्र्यांचं पार्लर आहे, इथं साताऱ्यात बघा. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मेंढरांची लोकर कातरणाऱ्या कोंडीबाला बोलावलं. कोंडीबानं त्याला मांडीखाली दाबला आणि मोठ्या कातरीनं पार गोटा करून टाकला. आत बघतो तर उंदराएवढा जीव! सगळा केसांचाच बडेजाव. तू फोनवर रडलीस. मी तेव्हाही म्हटलं होतं, अगं केस आहेत, येतील. आले की नाही? आता तात्या रोज दुपारी जेवून उठले की ओट्यावर बसतात, त्याला मांडीवर घेतात आणि विरळ कंगव्यानं एक एक बट सोडवतात. ज्या माणसानं तुझी वेणी कधी घातली नाही, तो माणूस कुत्र्याचा भांग पाडतो. मी बघते आणि आतनं नुसती धुमसते.

आता बेंदराचं. तुझ्यापर्यंत अर्धंच आलंय, म्हणून सगळं सांगते. आपला हौश्या बैल म्हातारा झाला, तात्यांच्या गुडघ्यांनी पण जवाब दिला, उसाची सगळी कामं ट्रॅक्टरवर आली. मागच्या दिवाळीच्या पाडव्यानंतर हौश्याला आप्पासोंच्या दावणीला दिला, हे तुला माहीत आहे. पण त्यानंतर तात्या कसे झाले ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि ते सांगणाऱ्यातले नाहीत. सकाळी उठायचे, रिकामा गोठा झाडायचे, आणि तिथंच बसायचे. जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. या घरात बैलाशिवाय बेंदूर झाला नव्हता गं कधी. या वर्षी मी पुरण शिजायला टाकलं खरं, पण नैवेद्य कुणाला दाखवायचा तेच कळेना.

दहाच्या सुमाराला बघते तर यांनी पाणी तापवलेलं. टोप्याला न्हाऊमाखू घातलं, गोठ्यातला खुंटा धुतला, आणि हुरमुंज कालवला. शिंगं रंगवायचा तो लाल रंग. आता याला शिंगं कुठली? म्हणून कान रंगवले. मग पाठीवर ठिपके काढले. मग हात थांबेनात, शेपटी पण रंगवली. हौश्याच्या गळ्यातला गोंड्याचा कंडा याच्या पोटाला तीन वेढे बसला. मी म्हटलं, "आवं, लोक काय म्हणतील?" तर माझ्याकडं बघितलंच नाही. सांजच्याला वेशीतनं मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक निघाली. पुढं आप्पासो हौश्याला धरून, आणि मागं तात्या या लाल कानाच्या चिमुरड्याला दोरीनं धरून. पोरं शिट्ट्या मारायला लागली. आप्पासो म्हणाले, "तात्या, ह्याला नांगराला जुपायचा का कुळवाला?" तर तात्या काय म्हणाले ठाऊक आहे? "माझ्या दावणीला आता ह्योच हाय. मग मी ह्योच मिरवणार." त्यावर कुणी हसलं नाही. मी बायकांत उभी होते. रागानं माझे डोळे भरून आले, आणि राग नेमका कुणाचा ते मला आजही सांगता यायचं नाही.

घरी आल्यावर मीच त्याला कुंकू लावलं, मीच ओवाळलं, आणि मीच पुरणपोळीचं ताट पुढं केलं. आपल्यात बेंदराला जनावर जेवल्याशिवाय माणूस जेवत नाही. बैल पाच-सहा पोळ्या सहज खातो, म्हणून यानं तीन खाल्ल्या तर आम्हांला कमीच वाटल्या. वरनं तुपाची वाटी. आमची चूक झाली, जीवघेणी चूक झाली, हे मी कबूल करते. रात्री तो उलट्या करायला लागला आणि पोट धरून आडवा पडला. तात्यांनी डोक्याचा पटका सोडला, त्यात त्याला गुंडाळला, आणि पावसात अनवाणी आप्पासोंच्या दारात गेले. जे आप्पासो चेष्टा करत होते त्यांनीच जीप काढली. कोरेगावच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. एवढ्याशा कुत्र्याला गोड-तूप पचत नाही म्हणाले, आठवडाभर आळणी भात आणि उकडलेली कोंबडी द्या. सकाळी तुझा फोन आला, तू बघितलंस तर लाल कान, लाल पाठ आणि पायाला तशीच ठेवलेली सलाईनची सुई. तू किंचाळलीस, "रक्त! रक्त!" आम्ही रंग आहे, रंग आहे म्हणतोय, पण तू ऐकशील तर ना!

तू फोन आपटलास, तेव्हापासून तात्यांना दुसरं काही सुचत नाही. तू दिलेल्या शाम्पूनं त्याला रोज धुतात, चुलीपुढं बसवून वाळवतात. हुरमुंज काही पुरता निघत नाही. लालाचा गुलाबी झालाय, त्यापुढं जात नाही. काल मला म्हणाले, "रविवारपतूर जाईल का गं ह्यो रंग? संयू परत चिडंल." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! ज्या माणसासमोर मी इतकी वर्षं मान वर करून बोलले नाही, तो माणूस लेकीच्या रागाला भितो. आणि अजून ऐक. डॉक्टर कधीपासून सांगताहेत, रक्तदाब आहे, मीठ कमी करा. मी घसा कोरडा केला, ऐकलं नाही. आता हा आळणी जेवतो तर हे पण त्याच्यासमोर बसून आळणी जेवतात. "त्येच्या म्होरं बसून चटणी खायाला बरं वाटत न्हाई," म्हणतात. बायकोचं ऐकलं नाही, कुत्र्याचं ऐकलं. आज सकाळी यांनीच त्याची पिशवी भरून ठेवली. कंगवे धुऊन, पुसून, रेनकोटाची घडी घालून. तू आलीस की ते पिशवीसकट टोप्याला तुझ्या हातात देतील, आणि तुझी गाडी वळणाआड गेली की गोठ्यात जाऊन बसतील. हे मला आजच दिसतंय.

म्हणून म्हणते, नेऊ नकोस. हे तात्या कधी म्हणायचे नाहीत, म्हणून मी म्हणतेय. पण संयू, एवढं सगळं तात्यांच्या नावावर खपवलं आणि पत्र बंद केलं तर मलाच माझी लाज वाटेल. टोप्या यायच्या आधी तुझा फोन रविवारी यायचा, तोही कधी कधी. "बरी आहेस ना? ठेवते गं, मीटिंग आहे." टोप्या आल्यापासून तुझा रोज संध्याकाळी फोन येतो. मी चार वाजल्यापासून वाट बघते. वेणी घालते, तोंड धुते, चांगलं पातळ नेसते. तू म्हणतेस टोफूला दाखव, म्हणून मी त्याला मुद्दाम छातीशी धरून बसते, म्हणजे त्याच्याबरोबर माझं थोडं तोंड तुला दिसावं. तू त्याला विचारतेस, "जेवलास का? पाऊस लय आहे का तिकडं? थंडी वाजते का? माझी आठवण येते का?" आणि उत्तर मीच देते ना गं. जेवलो म्हणते. थंडी वाजते म्हणते. आठवण येते म्हणते. ते सगळं मी टोप्याचं सांगते असं तुला वाटत होतं का? न्यायचा तर तुझा कुत्रा आहे, घेऊन जा. फक्त त्याला इथनं नेल्यावर हे सगळं तू कुणाला विचारणार, तेवढं ठरवून ये.

आशीर्वाद उरलेत, म्हणून देते.

चिडलेली, तरी तुझीच,
आई