तू पाळलेला तितर

माय,

तुझ्या पायावर डोकं ठेवतो. गुडघे कसे हायत? आम्ही बरे हाऊत. मला काम लागलं.

धावडा गावाजवळचं बाभूळबन ठेकेदार मशीननं तोडून राह्यला. तू हातावर दाणे चारून वाढवलेला तितर फाश्यांजवळ ठेवून मी चार दिवस बसलो. त्यानं लई हाका मारल्या, पण रानातून एकबी तितर आला न्हाई.

ठेकेदार म्हणला, "तुझा तितर शिजवून घाल, मंग तुला तोडीवर घेतो."

रडू नको. जल्दीच केलं. मान पिरगाळायला हातात धरला, तर तो जोरजोरात हाका मारायला लागला. भ्याला न्हाई, माय. त्याला वाटलं, आपण फासे मांडलेत.

तुझाच,
हरचंद