ठसका आणि आईची शिस्त

सिनसिनाटी, ३ नोव्हेंबर १९७५

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

थँक्सगिव्हिंगला यंदाही मी येत नाही, हॉस्पिटलात सणाची ड्यूटी माझ्याकडेच आहे. घशात घास अडकलेल्याला मागून कवेत घ्यायचं आणि बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर हिसका द्यायचा, ही माझी युक्ती आता वेटरसुद्धा माझ्या नावाने ओळखतात. इतकी वर्षं मी ऑपरेशनं केली, त्यांची मात्र कोणाला आठवण नाही.

एक काळजी आहे. घास अडकलेली माणसं लाजून ताटावरून उठतात आणि बाथरूममध्ये एकटीच मरतात. आपल्याकडे तर आईची शिस्तच तशी: ठसका लागला की बाहेर, आणि मागे कोणी जायचं नाही. आई या वयात ऐकणार नाही, म्हणून तुला सांगतो. ती शिस्त तू मोड.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा एल्मर

डेटन, २९ नोव्हेंबर

चि. एल्मर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हे वाच: आई ठणठणीत आहे.

थँक्सगिव्हिंगला पाद्रीबुवा जेवायला होते. टर्कीचा घास घेतला आणि आई शांतपणे उठली, रुमाल ओठांना लावून चालू लागली. आम्ही नऊ जण उकडलेले बटाटे एकमेकांकडे सरकवत राहिलो. जन्माची सवय रे. मग मला तुझं पत्र आठवलं आणि मी धावले. आई बेसिनला धरून उभी होती, ओठ निळे, आवाज नाही. मी मागून कवळलं. पहिल्या हिसक्याला काही नाही, दुसऱ्यालाही नाही. तेव्हा मनात तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. तिसऱ्याला घास आरशावर उडाला.

श्वास येताच आईने मला दार न वाजवता आत आल्याबद्दल झापलं. मग गळ्यात पडून रडली. मीही रडले.

पुढल्या वर्षी ड्यूटीबिटी सांगितलीस तर टर्कीऐवजी तुलाच कापीन. जपून राहा.
तुझी ताई

डेटन, ३० नोव्हेंबर

चि. एल्मर यास आशीर्वाद.

बरगडी दुखते. हिल्डा म्हणते, युक्ती तुझी, तेव्हा तक्रारही तुझ्याकडेच करायची. म्हणून केली.

ही युक्ती शिकवायला तू भाषणं देतोस, त्यांत आता एक सांगत जा. मला कळत होतं की मी मरतेय. तरी पाद्रीबुवांसमोर तोंड वेडंवाकडं होईल, याचीच लाज जास्त वाटली. मागे कोणी येत नाही हे पाहून आधी बरं वाटलं. मग फार एकटं वाटलं रे. मीच लावलेली शिस्त सगळे अगदी नीट पाळत होते.

हे माझं नाव घेऊन सांग. मी लाजणार नाही.
तुझी आई