घराण्यात कोणी नाही

प्रिय आयचुरेकताई,

तू पाठवलेलं कुरुत, वाळवलेल्या दह्याचे खडे, मिळालं. वॉर्डातल्या सगळ्यांनी मूठमूठ उचललं, मला चार खडे उरले. तेही तसेच पडलेत. तुझं पत्र वाचल्यापासून त्यांना हात लावला नाही.

ओशच्या इस्पितळात तुझ्या मेरिमच्या डोक्याला तारा लावून टिकटिक ऐकवली, डोळ्यांपुढे ठिपका फिरवला, रक्त घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुणा काठावरच्या आहेत, नुसत्या त्यांवरून काही ठरत नाही. घराण्यात कुणाला डोक्याचा हा आजार आहे का? आणि तू लिहून दिलंस, कोणी नाही. मग त्यांनी वर्षभराने या म्हणून सोडलं, आणि हे तू मला आनंदाने कळवतेस! हात कसा गं धजला तुझा?

पोर पंधरा वर्षांची. अक्रोड वेचायला जात नाही, झाडं नाव घेऊन हाका मारतात म्हणते. सोळाव्या वर्षी मी हेच म्हणत होतो. आईने झाडफूक करणारी म्हातारी आणली. 'पूर्वज बोलावताहेत, भाग्यवान आहे तुझा पोरगा!' म्हणाली, आणि मेंढी घेऊन गेली. दोन वर्षं आपण त्या भाग्याची वाट पाहिली. तोवर मी आईलाही ओळखेनासा झालो होतो.

तुझ्या सोयरिकीला सासऱ्यांनी आपल्या सात पिढ्यांची नावं विचारली. बाबांनी खडाखडा म्हटली. 'आणि मुलगा कुठाय?' 'तो होय? मॉस्कोला, बांधकामावर.' गावातली निम्मी पोरं तिकडेच, कोण शंका घेणार! मी गवताच्या कोठारात बसून ऐकत होतो. हसू आलं मला. तुझा संसार उभा राहतोय तर राहू दे म्हटलं. तुझ्या सासरच्यांच्या लेखी सतरा वर्षं मी मॉस्कोत विटा रचतोय.

आता पुरे. मी फार घाबरलोय, ताई. माझी ती दोन वर्षं मला कुणी परत देणार नाही, पण मेरिमची अजून हातात आहेत. आज डोकं शांत आहे म्हणून आजच लिहितोय, उद्याचा भरवसा नाही. इथल्या डॉक्टरांकडून माझ्या आजाराचा कागद सहीशिक्क्यानिशी घेतलाय, सोबत जोडलाय. तुझ्या पाया पडतो, पोरीला घेऊन परत जा आणि तो पुढे कर. सासूला काय बोलायचं ते बोलू दे. त्या रकान्यातलं 'कोणी नाही' खोड आणि लिही: सख्खा मामा, हयात आहे.

तुझाच भाऊ,
एर्केबाय