पणजोबांच्या कॅमेऱ्याचं खरं वय

ती. मामांना,

नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण तुमचा कॅमेरा जिन्यावरून खाली नेऊन परत वर आणल्यापासून कंबर वाकत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (दोघांना बरं वाटत असेल तरच पुढे वाचा.)

घर बदलताना ते लाकडी धूड माझ्या हवाली करून तुम्ही म्हणालात, "सांभाळ रे, पणजोबांच्या हातचा आहे. शंभरी कधीच ओलांडलीय त्यानं." मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, पसरवला. ऑफिसात सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, आणि संग्रहालयात खेटे घालून जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात त्याला मधली जागाही मिळवली.

तिथे कॅमेरे तपासणाऱ्या बाई बोलायला गोड, पण नजर अगदी मुलगी बघायला आलेल्या सासूची. पितळी भिंग पाहून "वा!" म्हणाल्या. माझी छाती फुगली. भिंगामागचा घड्यांचा भाता उलगडून "हं" म्हणाल्या. मग खोकं उलटंपालटं करून चष्मा पुसला आणि पुन्हा उलटंपालटं केलं. शेवटी निकाल आला: भिंग जुनं आहे, पण भाता रेक्झिनचा, खोक्याला शंभर वर्षांपूर्वी नसलेले स्टार स्क्रू, तेव्हा कॅमेरा फार तर साठ-पासष्ट वर्षांचा. म्हणजे माझ्या आईपेक्षाही लहान! मामा, इतका अपमान माझ्या लग्नातही झाला नव्हता. मी भांडलो. म्हटलं, म्हाताऱ्याला नवी कवळी बसवली म्हणून तो तान्हा होतो का? बाई हसल्या नाहीत. (निदान शिपायानं तरी हसायला हवं होतं.)

तणतणत घरी आलो आणि बाईंना खोटं पाडायला कॅमेरा जेवणाच्या टेबलावर खोलून बसलो. आई भाजी निवडत होती. मागची फळी निघाली, आतून हिरवा रंग दिसला, लांबी भरून बुजवलेलं किल्लीचं भोक दिसलं, आणि आईच्या हातातली भाजी खाली पडली.

"हे माझ्या कपाटाचं दार!"

मग जे ऐकलं ते असं: "सहावीत होते मी. शाळेतून आले तर कपाटाला दारच नाही. मी लोंबकळून तोडलं म्हणत बाबांनी मलाच बदडलं. आणि दादा शेजारी उभा राहून सांगतोय, मी हिला कितीदा बजावलं होतं!"

मामा! कॅमेरा तुम्ही बनवलात याचा राग नाही. पण बहिणीला मार खाऊ घालायचा, आणि वर साठ वर्षं त्याच दाराला पणजोबा म्हणून मिरवायचं? त्या पणजोबांपुढे मी लहानपणी वाकून नमस्कार केलाय!

तुमचा (नाइलाजानं),
भाचा

ता. क. बाईंना खरं सांगून टाकलं. वाटलं, हाकलतील. तर त्या खूशच झाल्या. म्हणाल्या, इतकं सुबक घरगुती काम पाहिलं नाही, मधली जागा तशीच राहील. पाटीवर बनवणाऱ्याचं नाव हवंय. आई म्हणते, माझं घाला, मार मी खाल्लाय.

ता. क. दुसरा. प्रदर्शनाआधी येऊन जा, आणि येताना फिल्म आणा. आईला त्या कॅमेऱ्यानं एक फोटो काढून हवाय. मी काढतो म्हटलं, तर म्हणाली, "तू नको. दादाला बोलव. काळ्या कापडात डोकं घातलं की त्याला पळता येत नाही." (हे तुम्हाला कळवू नकोस, असंही म्हणाली होती.)