साहेबांनी तलावात मासे सोडले त्याबद्दल

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे निम्मा उभ्यानेच घातला, उरलेला मनातल्या मनात). तुमचे गुडघे आणि मत्स्यतळं दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा. इकडे मी बरा आहे, तलाव बरा नाही.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तू नेमकं करतोस काय, असं तुम्ही दर भेटीत विचारता. तर मी तलावातून बाटलीभर पाणी आणतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाणपिसवा मोजतो (हसू नका, पेन्शन आहे). टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पण दिवसभर शेवाळ चरतो, म्हणून पाणी नितळ राहतं. आमच्या नव्या साहेबांना मात्र पिण्याच्या पाण्यात पिसवा आहेत हे ऐकूनच खाज सुटली. त्यांनी पाच हजार चिमुकले मासे मागवले, फीत कापली (तलावाला फीत कुठे बांधायची यावर दोन बैठका झाल्या) आणि फोटोसाठी पहिली बादली तीनदा ओतली. मधल्या वेळात मासे जाळीने परत गोळा करायला मी होतोच.

आमच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्ट बाईंनी मासे मागवण्याआधीच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं, की मासा डोळ्यांनी शिकार हेरतो, त्यामुळे आधी मोठ्या पिसवा संपतील. मागे राहतील त्या बारक्या, आणि त्यांच्याच्याने एवढं शेवाळ खाऊन होणार नाही. साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये धाडलं. मी त्या बैठकीत टेबलाखालची फरशी न्याहाळत बसलो होतो.

दीड महिन्यात माझ्या काचेखाली एकही मोठी पिसू दिसेना. तलाव पोपटी झाला, नळाला वास आला. साहेब काठावर उभे राहून म्हणाले, "रंग छान आलाय. पण वास कशाचा?" मग त्यांनी मला अहवाल लिहायला सांगितलं, माशांचा उल्लेख टाळून.

बाकी सगळं हिरवंगार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या तळ्यात इतर मासे गिळून माजलेले ते दांडगे आहेत ना, ज्यांना तुम्ही रोज शिव्या घालता? ते दोन पिंपं भरून पाठवा. त्यांनी हे चिमुकले खाल्ले तर मोठ्या पिसवा परत वाढतील, असं बाईंचं म्हणणं आहे. साहेबांना मी शोभेचे मासे म्हणून सांगेन.

ता. क. २. माशांच्या फायलीवर 'हरकत नाही' अशी सही माझी आहे. न वाचता केली. ती फाइल आता बाईंच्याच कपाटात आहे. तरी त्या रोज दुपारी मला तळघरात डबा खायला बोलावतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आत्या, मासे लवकर पाठवा, घास उतरत नाही.