टोकांवरची चमक

छत्रपती संभाजीनगर,
१२ जानेवारी २०२५

ती. दादांस,
करुणाचा सप्रेम जयभीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. माझा पीएच.डी.चा प्रबंध पुन्हा अडला आहे.

जिवाणूच्या अंगाभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. त्यातली एका जातीची चरबी दोन्ही टोकांना गोळा होते, असं आमच्या गाईड सरांचं म्हणणं. रंग टाकला की टोकं चमकतात, हा त्यांचा पुरावा. मी ती चरबी मुळीच न बनवणारे जिवाणू वाढवले, तर त्यांचीही टोकं तशीच चमकली. त्याचा फोटो मी प्रबंधात लावला. म्हणजे रंग दुसऱ्या चरबीलाही चिकटतो. त्याच्या भरवशावर काही सांगता येत नाही. सर म्हणाले, तो फोटो काढून टाक, लगेच सही करतो.

होस्टेल आणि प्रयोगशाळा, तिसरीकडं पाऊल पडत नाही. दार उघडं असून कोंडल्यासारखं होतं. आई कशी आहे?
तुमची,
करुणा

वैजापूर,
२० जानेवारी

चि. करुणास,
जयभीम आणि आशीर्वाद. चरबीचं निम्मंच कळलं. लकव्यानंतर तुझी आई अजून आपापली बसत नाय. उठवू उठवू माझी कंबर गेली. इथल्या कॉलेजात जागा निघालीय, पण डिग्री आधी पाहिजे म्हणतेत. एक फोटो काढून टाकला तर कोण बघायला येतंय? बाप असलो तरी तुला शिकवावं एवढा मी शहाणा नाय, पोरी, पण लई थकलो. राग धरू नको.
तुझा दादा,
कचरू

छत्रपती संभाजीनगर,
३ फेब्रुवारी

ती. दादांस,
जयभीम. तुमचं पत्र आलं आणि मी प्रबंधातून तो फोटो काढून टाकला. सरांपुढं कागद ठेवले. त्यांनी शाब्बास म्हणत पेन उघडलं. उद्या हेच खरं मानून कुणी जिवाणू मारायचं औषध शोधत बसेल, असं मनात आलं आणि मी कागद परत मागितले.

सरांनी मला काढून टाकलं. विभागातल्याच एका मॅडमनी त्यांच्याकडं घेतलं, पण प्रयोग वेगळ्या पद्धतीनं, पहिल्यापासून करायचे. दोन वर्षं तरी जातील. वैजापूरची जागा गेलीच. आईला तुम्हीच सांगा, मला धीर नाही. रागवा, पण लोभ आटू देऊ नका.
करुणा

वैजापूर,
११ फेब्रुवारी

चि. करुणास,
जयभीम. आईला सांगितलं. लई वेळ भिंतीकडं तोंड करून पडली. मग म्हणाली, पोरीला लिहा, ती येईस्तोवर मी आपापली बसायला शिकते. आज उशीला टेकून चहा पिऊन होईपर्यंत बसली.
दादा