अर्ध्या तासातल्या पाच गाड्या

येरमाळा, रविवार

प्रिय नीरजा,

आणि मग आण्णांनी दस्तीखालून हात काढून घेतला. दस्ती झटकली, खांद्यावर टाकली आणि बैलबाजार अर्धा भरलेला असताना रस्त्याकडे चालू लागले. मी मागून गेलो. एवढ्या ओळखीच्या माणसांतून त्यांना कुणी हाक मारली नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आवाजावरून तू शेवट आधीच ओळखला असतास, आणि मला क्रमानं सांगायचं आहे. उद्या शेअर बाजार उघडला की तू तुझ्या बाबांचे, वसंतरावांचे, निवृत्तीचे पैसे पंपाच्या कंपनीत घालणार आहेस. त्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

माझे वडील बैलांची दलाली करतात हे तुला माहीत आहे. ते कसं चालतं हे तू पाहिलेलं नाहीस. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकतात आणि तिच्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. ठरला नाही तर हात काढून घ्यायचा. किती म्हणाला हे नंतर कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

आज विकणारा आमच्याच गावचा शिवशरण होता, घेणारा उमरग्याकडचा बंडप्पा. एक लाख दहा हजारांवर जोडी अडली होती. बंडप्पानं आणखी दोन बोटं दाबली, बोटाला हजार. आण्णांनी ती चार धरली आणि सौदा झाला म्हणून टाळी दिली. पैसे काढायची वेळ आली तेव्हा बंडप्पा म्हणाला, मी तर दोनच दाबली. शिवशरण उसळला. शब्द फिरवणाऱ्याला बैल देत न्हाय म्हणाला. बंडप्पा थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, आण्णा म्हणतेत तर चारच असतील. माझंच बोट जास्त पडलं असंल.

आण्णांना तेवढ्यावर निभावता आलं असतं. त्यांनी पुन्हा दस्ती टाकली, बंडप्पाला म्हणाले, दाब बघू. त्यानं दाबली. मग आण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, त्याचं दोनच खरं हाय. मला वरीस झालं बोटं उमगंनात. शिवशरणनं विचारलं, मग वरीसभर भाव कशाचा केला, तोंडाचा का काय? दोघंतिघं हसले. आण्णा म्हणाले, व्हय, तोंडाचा.

घरी आल्यावर आईनं त्यांचा मधुमेहानं बधिर झालेला हात उलटासुलटा करून पाहिला. साखरंनं पाय जातेत ऐकलं हुतं, हातबी जातेत व्हय, म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. आण्णा जेवले. वर्षभर त्यांनी समोरच्याच्या चेहऱ्यावरून आकडे ओळखले होते. बहुतेक बरोबर आले असणार. नाहीतर आजवर कुणीतरी बोललं असतं. किंवा बंडप्पासारखे आणखी काही असतील. ते आता कळायला मार्ग नाही.

तू म्हणशील, हे तर पोकर झालं. मीही तेच म्हणत आलो. आपल्या फर्मकडे पैसे ठेवायला येणाऱ्या माणसांना मी पहिल्या भेटीत काय सांगायचो आठवतं ना? वडील दस्तीखाली भाव करतात, मी पत्त्यांवर शिकलो, गुंतवणूक म्हणजे या दोन्हींची पुढची इयत्ता. लोक खूश व्हायचे. तू खिडकीबाहेर बघायचीस. एकदा परतताना म्हणालीस की पत्ते बावन्न असतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि आपल्या धंद्यात एकूण पानं किती तेच कुणी सांगत नाही. ती पाहायला घराबाहेर पडावं लागतं.

हॉस्टेलमध्ये आपण चहाच्या कपांवर पोकर खेळायचो. मी जास्त कप जिंकायचो, पण खेळ तुझा चांगला होता. प्रत्येक डावानंतर तू वहीत लिहायचीस. जिंकलो की हरलो हे नाही, त्या वेळी हातात जेवढं कळत होतं त्यावर कप लावणं योग्य होतं का, एवढंच. योग्य खेळून हरलीस तर शांत झोपायचीस. चुकीचं खेळून जिंकलो म्हणून माझ्याशी एकदा दोन दिवस बोलली नव्हतीस. आपल्या फर्मची पद्धत त्याच वहीतून आली. घेण्याआधी एक पान लिहायचं: का घेतो, काय पाहिलं, काय दिसलं तर बाहेर पडायचं. एकतीस माणसांचे पैसे आपण त्या पानांवर चालवतो.

पंपाच्या कंपनीचं पान माझ्या अक्षरात आहे. त्यावर लिहिलं आहे: कारखान्याच्या फाटकासमोर दोन दिवस उभा राहिलो, माल भरलेल्या गाड्या रोज चाळीस. तू ती ओळ वाचलीस आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट घ्यायला तयार झालीस. तेव्हापासून भाव तिसऱ्या हिश्शानं उतरला आहे. शुक्रवारी तू म्हणालीस, पडद्यावर मला जे दिसतं त्यावरून मी कधीच बाहेर पडले असते, पण तू स्वतः पाहून आलास, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार. स्वस्त झालंय, बाबांचेही घालू.

आज बंडप्पा स्वतःच्या बोटांकडे बघत होता तेव्हा मला हे वाक्य शब्दनशब्द ऐकू आलं.

मी त्या फाटकासमोर अर्धा तास उभा होतो. ऊन होतं. पाच गाड्या दिसल्या. मग लॉजवर गेलो, कूलर लावला आणि उरलेले दोन दिवस मोबाइलवर अनोळखी माणसांशी पोकर खेळलो. चांगला खेळलो. परतीच्या बसमध्ये हिशेब केला. अर्ध्या तासाला पाच, म्हणजे आठ तासांना ऐंशी. ऐंशी तुला पटले नसते. म्हणून निम्मे लिहिले. ब्लफ करताना रक्कम समोरच्याच्या विश्वासाएवढी ठेवायची, हे मी तुझ्याकडूनच शिकलो होतो. त्यानंतर तू जेव्हा जेव्हा त्या गाड्यांबद्दल विचारलंस तेव्हा मी सरळ तोंडानं उत्तर दिलं, आणि तुला काही दिसलं नाही. मला त्याचं थोडं समाधानही वाटलं. पोकरमध्ये टाकून दिलेली पानं दाखवावी लागत नाहीत. मी समजत होतो की इथंही तसंच आहे. कंपनी चांगली असेलही. मला माहीत नाही, आणि हेच त्या पानावर लिहायला हवं होतं. ती ओळ खोटी आहे. तिच्यावर वसंतरावांचे पैसे घालू नकोस. आधी घातलेल्या पैशांचं काय करायचं ते माझं मत न विचारता ठरव. एकतीस माणसांना मी कळवीन. हे पत्र एवढ्यासाठीच आहे.

उद्यापर्यंत तरी तुझाच भागीदार,
योगीराज

ता. क. सोमवार. कागद आता टपालानं पाठवतो आहे, म्हणून पुढचं लिहून ठेवतो. सकाळी सहाला या पानांचे फोटो तुला पाठवले. आठला तुझा एकच प्रश्न आला: त्या पाच गाड्यांपैकी बाहेर पडणाऱ्या किती आणि आत जाणाऱ्या किती? मला आठवलं नाही. आठवत नाही, असं कळवलं. नऊला तू वसंतरावांचे पैसे थांबवल्याचं लिहिलंस. त्याच सुमारास आण्णा उमरग्याच्या पहिल्या एसटीनं बंडप्पाच्या गावाला माफी मागायला गेले. दस्ती खुंटीवर आहे.